आतला आवाज

दोंडाईचा, १५ जून २०२५

कहकशा,

तुझा शिरखुर्म्याचा डबा अखेर परत पाठवते आहे. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, म्हणून आत ज्वारीच्या बिबड्या भरल्यात. सासूबाईंच्या हातच्या आहेत, तेव्हा बिनधास्त तळून खा. आणि बिबड्यांच्या खाली हे पत्र.

फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशीलच. पण आमच्या घरात फोन म्हणजे माठातलं पाणी, ज्याला तहान लागेल तो पेला बुडवतो. मेसेज ललित वाचतो. लपवण्यासारखं काही नसतं म्हणून वाचतो, त्यात त्याची काही चूक नाही. पण आता लपवण्यासारखं आहे.

मला तिसरा महिना चालू आहे. ललितला माहीत आहे आणि आता तुला. पाचवा लागेपर्यंत आमच्याकडे बाहेर ब्र काढत नाहीत, आणि आधी दोनदा जे झालं त्यानंतर तर मी घरातही काढलेला नाही. सासूबाईंना ॲसिडिटी सांगितली आहे.

मागच्या दोन्ही वेळा मी सगळ्यांचं ऐकलं. पडून राहिले. कूस बदलायलासुद्धा भ्यायले. काय मिळालं? दुसऱ्या वेळी तर धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या उशाशी तूच होतीस, तुला काय सांगायचं. या वेळी डॉक्टरबाईंनी साधी कामं करायला मोकळीक दिली आहे आणि मी पडून राहणार नाही. छताकडे बघत पडलं की माझं डोकं जातं गं. ललित सकाळी मिरचीच्या आडतीवर जातो, संध्याकाळी येतो, आणि मधला सगळा दिवस मी खालून वर नि वरून खाली फिरते. हात नुसते शिवशिवतात.

म्हणून माडीवर खिडकीशी एक टेबल मांडलं आहे. मला पुन्हा सोल्डरिंग सुरू करायचं आहे. गल्लीतला मोबाईलवाला दुकान मोडतोय, तो त्याचं जुनं आयर्न आणि गरम हवेची गन स्वस्तात देतो म्हणतो. शिवाय ऑनलाईन एका पेटीत साठ वस्तू मिळतात. काय घेऊ? शिशाचं काय? धुराचं काय? ललितला विचारलं तर तो टेबलच खाली उतरवेल. तू सांग, आणि लवकर सांग.

तुझी,
सुलू

*

जळगाव, २१ जून

सुलू,

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग अम्मीने विचारलं काय झालं, तर बिबड्या तिखट आहेत असं सांगितलं. अम्मीने एक खाऊन बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या वेळी खोटं जरा बरं शोधावं लागेल.

माझं पहिलं म्हणणं हेच की टेबल उतरव. पण तुला मी वसतिगृहातल्या खोलीपासून ओळखते. नको म्हटलं की तू मोबाईलवाल्याचं ते भंगार उचलून आणशील, पदराआड लपवून वापरशील, आणि मग धूरही पदराआडच. त्यापेक्षा मी सांगते ते कर. पण आधी डॉक्टरबाईंना विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर या पत्रातलं पुढचं सगळं फाडून टाक.

मोबाईलवाल्याचं काहीही घ्यायचं नाही. त्याच्या टेबलावर वर्षानुवर्षांचं शिसं सांडलेलं असतं, आयर्नच्या मुठीलासुद्धा चिकटलेलं असतं. इतक्या उष्णतेला शिसं वाफ होऊन उडत नाही, ते बोटांना लागतं आणि बोटांवरून भाकरीत जातं. पोटातल्याला ते चिमूटभरसुद्धा नको. तार घेशील ती बिनशिशाचीच. ६०/४० लिहिलेली तार कोणी फुकट दिली तरी नको, कारण त्यातलं चाळीस म्हणजे शिसं. बिनशिशाची तार जरा हट्टी असते, उशिरा वितळते, टाका चकाकत नाही आणि आपलंच चुकलं असं वाटतं. म्हणून साधं पंचवीस वॉटचं आयर्न तुझ्या कामाचं नाही, ते कधी थंड पडतं कधी टोक जाळतं. उष्णता ठरवता येते असं घे, तीन पिनांचं. मोठं स्टेशन नको, मुठीतच चकती असते तसलं चालेल. स्टँड मात्र जड घे. हलक्या स्टँडवरून आयर्न पडलं की माणूस ते हवेत झेलायला जातो, माझ्या तळव्यावर अजून खूण आहे.

गरम हवेची गन कशाला हवी? तुला मोबाईल उघडायचे आहेत का? चुकलेला टाका काढायला पंप आणि तांब्याची वेणी पुरते. साठ वस्तूंच्या पेटीतल्या पंचावन्न पेटी भरायला असतात.

आता धूर. तो तारेतल्या राळेचा असतो, आणि माझ्या छातीला विचार तो काय करतो. मी शिकवते त्या लॅबमधला जुना कॉम्प्युटरचा पंखा पाठवते आहे, मागे कोळशाची जाळी लावली आहे. तो तुझ्याकडे वारा मारणार नाही असा ठेव, धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल असा. टेबलाशी खायचं नाही, चहासुद्धा नाही. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, झाडायचं नाही, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावायचा नाही.

आणि आयर्न भिंतीत खोचण्याआधी त्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघून घे. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

कहकशा

*

दोंडाईचा, ४ जुलै

कहकशा,

डॉक्टरबाई म्हणाल्या, शिसं नसेल, खिडकी उघडी असेल आणि थोडा वेळच बसणार असाल तर बसा. तेव्हा तुझं पत्र फाडलेलं नाही.

तिसरं भोक शोभेलाच निघालं. भिकन वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं आणि इतक्या जोरात हसला की सासूबाई खालून वर आल्या. मग त्याने अंगणात खड्डा खणला, कोळसा नि मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली आणि सांगून गेला की इथे ओल राहिली पाहिजे. सासूबाईंना काय कळलं देव जाणे. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या खड्ड्यावर ओततात, हात जोडतात आणि आत येतात. भिकन म्हणाला, गावात एवढं चांगलं अर्थिंग दुसरं नाही.

आयर्न तू सांगितलंस तसंच घेतलं. बिनशिशाची तार खरंच हट्टी आहे. पहिले टाके बघितले असतेस तर तू मला डिप्लोमा परत करायला लावला असतास. पण हात आठवतो गं. तिसऱ्या दिवशी टाके बसायला लागले. राळेच्या वासाने एकदा उलटी झाली, तेव्हा पंखा आणखी जवळ ओढला आणि आता वास येत नाही. सासूबाई मात्र दर थोड्या वेळाने जिन्यातून हाक मारतात, "काय करी राहिनी व तू वर?" मी म्हणते, रेडिओ. रेडिओ म्हटलं की त्यांचं समाधान होतं.

खरंच माळ्यावर ललितच्या मामांचा एक जुना रेडिओ सापडला आहे. त्याचे काही भाग काढून वापरावेत असं मनात आहे.

आता मला हे हवं आहे, दोंडाईच्यात मिळत नाही: एक छोटा माईक, चांगला, बारीक आवाज पकडणारा. आवाज मोठा करणारी आयसी, दोन पाठव, एक जळेल. कान पूर्ण झाकणारा हेडफोन. आणि जमलं तर डॉक्टरच्या जुन्या स्टेथोस्कोपची पुढची चकती. कशाला ते विचारू नकोस. बसल्या बसल्या सुचलेलं काहीतरी आहे.

झोप येत नाही, बाकी बरी आहे.

सुलू

*

जळगाव, ११ जुलै

सुलक्षणाबाई,

माईक, आवाज मोठा करायची आयसी, कान झाकणारा हेडफोन! सासूबाईंच्या खोलीला कान लावायचा विचार दिसतो. चांगलं आहे. पण त्या तुझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकून तुझी झोप आणखी उडेल, आणि चांगलं बोलत असल्या तर जास्तच उडेल.

सगळं पाठवते आहे. चकती मिळवायला अरशदला सरकारी दवाखान्यामागच्या सर्जिकल दुकानात पाठवलं. दुकानदाराने विचारलं, डॉक्टर आहात का? अरशद म्हणाला, नाही, डॉक्टरचा भाऊ. आता आमच्या गल्लीत मी डॉक्टर झाले आहे.

तो मामांचा रेडिओ मात्र माळ्यावर परत ठेव. आजच. मी तुला बिनशिशाची तार घे म्हणाले आणि हे सांगायचं विसरले, त्यावरून स्वतःला चार शिव्या घातल्या. जुन्या सेटमधला टाका न् टाका शिशाचा असतो. तू नवी तार कितीही शुद्ध घे, जुना टाका वितळवलास की शिसं तुझ्या टोकावर, टोकावरून फडक्यावर, फडक्यावरून तुझ्या हातावर. एखादा भाग काढला असशील तर ते टोक फेकून दे, मी नवं टोक आणि पितळी तारेची घासणी याच खोक्यात घातली आहे. टेबल दोनदा पूस आणि फडकं जपून ठेवू नकोस.

आणि झोप का येत नाही? ललितशी बिनसलंय का? तू लिहीत नाहीस, पण तुझं अक्षर कसं पळत सुटलंय ते मला दिसतं.

कहकशा

*

दोंडाईचा, ५ ऑगस्ट

कहकशा,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. रेडिओ उघडला नव्हता, तसाच माळ्यावर परत गेला. ललितशी काहीही बिनसलेलं नाही, तो बिचारा माझ्या ताटात तूप वाढण्यापलीकडे काही करत नाही.

रविवारी आमच्याकडे कानबाई बसल्या, काल विसर्जन झालं. तुला मागे एकदा सांगितलं होतं, नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्या घरात माणसागणिक सव्वा मूठ गहू घेतात. भाऊबंदांतले सगळे जमलेले, घरात पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई पाटावर बसून एकेकाचं नाव घेत मुठी टाकत होत्या. पुना काका, जीवराम भाऊ, ललित, सगळ्यांची नावं झाली. मग त्यांनी कोणाचंही नाव न घेता आणखी एक मूठ घेतली, वर पाव घेतली, आणि सूप उचलून चालू लागल्या. चुलत सासू म्हणाल्या, ताईबाई, एक जास्त झाली. तर म्हणतात कशा, "माले मोजता येस."

मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. त्यांना सगळं कळलेलं होतं, मला राग त्याचा आला नाही. ज्याचं अजून काही खरं नाही त्याच्या नावाचा रोट भाजला जाणार, याचा आला. मागच्या वेळी मी स्वतः एवढंसं टोपडं विणलं होतं. ते कुठे आहे ते मला आजही माहीत नाही, कोणीतरी लपवून ठेवलं असणार. माणसं आनंद करायला किती घाई करतात गं.

आता तुला खरं सांगते. तो माईक सासूबाईंसाठी नाही.

मागच्या वेळी तपासणीत कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ठोके बंद पडून बरेच दिवस झालेत. बरेच दिवस! त्या बरेच दिवसांत मी काय करत होते? मी आमरस केला. मी नणंदेच्या मुलीला दोन वेण्या घालून दिल्या, हसले, ललितशी भांडून रुसले. आत सगळं शांत झालेलं आणि मला पत्ता नाही. मी कसली आई? तेव्हापासून मला शांत कुठलीच जागा सहन होत नाही.

पाचवा लागला आहे. अजून हालचाल जाणवत नाही. डॉक्टरबाई म्हणतात बाळाची वार पुढच्या बाजूला आहे, म्हणून उशिरा कळेल, घाबरायचं कारण नाही. त्यांना सांगायला काय जातं? महिन्यातून एकदा त्या ऐकतात, मधले सगळे दिवस माझे असतात. मला रोज ऐकायचं आहे. माईक चकतीत बसवला आहे, सर्किट अर्धं झालं आहे. एवढ्यासाठी टेबल मांडलं होतं. छंद वगैरे काही नाही.

सुलू

*

जळगाव, ९ ऑगस्ट

सुलू,

मी खिदळत काय काय लिहिलं होतं ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू ते वाचून गप्प बसलीस.

तू कसली आई हा प्रश्न मला पुन्हा लिहू नकोस. त्या दिवसांत तू आमरस केलास, कारण तुला आनंद झाला होता. त्यात गुन्हा कुठे आहे?

पण हे यंत्र करू नकोस. लॅबमध्ये रोज मुलांना सांगते तेच तुला सांगते, आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला कुठला आवाज हवा आहे ते कळत नाही. पोटातली गुरगुर, लुगड्याची घसट, तुझ्या स्वतःच्या मोठ्या नसांतलं रक्त, सगळं ते सारखंच मोठं करणार. वार पुढे असेल तर बाळाचा ठोका तिच्या मागे दबलेला असेल. काही ऐकू आलं नाही तर तू जागच्या जागी मरशील आणि आत ते मजेत असेल. आणि ऐकू आलं तर? त्याची मला जास्त भीती वाटते. डॉक्टरबाईंचं यंत्र निराळ्या जातीचं असतं, ते घरी टाके मारून होत नाही.

ललितला सांग. सासूबाईंना सांग, त्यांनी मूठ टाकली म्हणजे त्यांनी ओझं वाटून घेतलं आहे. तुला त्यात नजर लागलेली दिसली, मला त्यात आणखी एक बाई तुझ्यासारखीच जागी असलेली दिसली.

तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मी अडवलं तर माझ्यापासूनही लपवशील, म्हणून अडवत नाही. एकच गोष्ट माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते. ते फक्त बॅटरीवर चालव. भिंतीत खोचलेली कुठलीही वायर, चार्जर, ॲडॉप्टर, काहीही तुझ्या पोटाला लागता कामा नये. सासूबाईंनी अर्थिंगला कितीही पाणी घातलं तरी.

कहकशा

*

दोंडाईचा, २४ ऑगस्ट

कहकशा, कहकशा, कहकशा,

ऐकू आलं!

मागच्या आठवड्यात, दुपारी सगळे लवंडलेले असतात तेव्हा माडीवर गेले. बॅटरी लावली, फक्त बॅटरी, शपथ पाळली. चकती आधी डावीकडे लावली तर नुसती घरघर. उजवीकडे तर माझं जेवण काय काय करतंय ते सगळं. मग बेंबीच्या जरा वर दाबली, आणि धपधप, धपधप, धपधप. इतकं स्पष्ट! इतकं जलद! मी ओरडणार होते, तोंडात पदर कोंबला. किती वेळ ऐकत बसले मला माहीत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. ललितबद्दल सांगितलं, तुझ्याबद्दल सांगितलं, जळगावची मावशी खूप बोलते असं सांगितलं.

तेव्हापासून रोज ऐकते. कधी कधी दिवसातून चार वेळा. मधेच शंका आली की जिना चढते, आणि ते तिथे असतं. त्याच जागी, तसंच. तू उगाच घाबरवलंस मला. तुझ्या लॅबमधल्या मुलांना सांग, दोंडाईच्याच्या बाईने केलं.

हालचाल अजून जाणवत नाही, पण आता मला त्याचं काही वाटत नाही. या आठवड्यात धुळ्याला तपासणी होती, ती पुढे ढकलली. आता गणपती येतील, घरात पाहुणे, एसटीला गर्दी. आणि जाऊन त्या काय करणार, ठोके ऐकणार. ते तर मी रोजच ऐकते. ललितला सांगितलं, गणपती उठले की जाऊ. तोही मला हसताना बघून खूश आहे, बरं म्हणाला.

घाईत लिहिते आहे, पुन्हा वर जायचं आहे.

सुलू

*

जळगाव, १ सप्टेंबर

सुलू,

तुझं पत्र काल मिळालं. तीनदा फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही, तिसऱ्यांदा सासूबाईंनी उचलला आणि "सुलू निजेल शे" म्हणाल्या. मेसेज लिहिला आणि पुसला. हे ललितच्या डोळ्यांखाली आधी जायला नको, आणि तू उभ्याउभ्या वाचायला नको. म्हणून अरशदला गाडीत बसवून हे पत्र पाठवते आहे. तो खाली थांबेल. त्याला चहा दे आणि तू वर जा.

हेडफोन लाव. चकती त्याच जागी ठेव. आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटाची नाडी धर.

कानातला ठोका आणि बोटाखालचा ठोका वेगवेगळे पडले, बाळाचे तुझ्यापेक्षा खूप जास्त जलद असले, तर मला शिव्या घालत पत्र लिही. मी ते मढवून भिंतीवर लावेन.

दोन्ही एकदम पडले, तर रडत बसू नकोस. त्याचा अर्थ काही वाईट झालं असा नाही. त्याचा अर्थ तुला अजून काहीच माहीत नाही, एवढाच. मग टेबल तसंच टाकून धुळ्याला जा. गणपती असोत, पाहुणे असोत.

मला वाटतं तू फार घाबरलेली होतीस, सुलू. आणि घाबरलेल्या बाईचं काळीज खूप जलद पळतं.

कहकशा

*

धुळे, २ सप्टेंबर

कहकशा,

अरशदला चहा दिला, बाकरवडी दिली, आणि वर गेले.

मनगट धरलं. एकदम पडत होते. चकती सरकवली, तरी एकदम. श्वास रोखून धरला तर दोन्ही एकदमच अडखळले आणि मग एकदमच पळत सुटले.

माझंच काळीज होतं ते. इतके दिवस मी माझंच काळीज ऐकत होते, त्याच्याशीच बोलत होते, त्यालाच तुझं नाव सांगितलं. आणि ते ऐकून निवांत होऊन मी तपासणीला गेले नाही. मागच्या वेळी मला माहीत नव्हतं म्हणून मी हसत होते. या वेळी यंत्र करून हसले.

खाली आले. ललित आडतीवर होता, घरात पाहुण्या बायका मोदकांच्या गप्पा करत होत्या. सासूबाई एकट्या मागच्या दारी होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आधीचं, आताचं, माईकचं. किती सांगितलं आणि किती रडले मला आठवत नाही. त्यांनी हात पुसले, चपला पायात घातल्या आणि म्हणाल्या, "चाल." पाहुण्यांना सांगितलंसुद्धा नाही. एसटीत त्यांनी माझा हात धरला तो धुळ्यापर्यंत सोडला नाही, तिकीटसुद्धा एका हाताने काढलं. वाटेत एकदाच बोलल्या. ललितच्या आधी त्यांचे दोन गेले होते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंपुढे गर्दी होती. त्या वेळात मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही, नुसतं दाराकडे बघत होते. मग आत नेलं. बाईंनी मुठीत मावणारं त्यांचं यंत्र पोटावर ठेवलं. काही नाही. सरकवलं. काही नाही, नुसती सरसर. आणखी खाली सरकवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सासूबाईंची बोटं माझ्या हातात रुतली होती. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा झालं.

आणि मग खोलीत एकदम आवाज आला. बारीक, आणि इतका घाईचा, पळत्या पावलांसारखा. सासूबाई दचकून मागेपुढे बघायला लागल्या. "कोन पयी राहिनं व आत?" त्यांनी विचारलं. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, तुमचं नातवंड.

त्या बोलत होत्या, वारेच्या मागे आहे, सगळं ठीक आहे, हालचाल आता कळेल. मला धड ऐकू येत नव्हतं. मी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. तू सांगितलंस तसं. माझा एक ठोका पडेपर्यंत त्याचे दोन होऊन जात होते. त्याला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मी घाबरले होते आणि ते घाबरलेलं नव्हतं. माझ्यापेक्षा निराळं कोणीतरी आत आहे, कहकशा. मला एवढंच ऐकायचं होतं.

सासूबाईंनी पुन्हा एकदा लावा म्हणून हट्ट केला. बाईंनी पुन्हा लावलं.

आज रात्री धुळ्यालाच मामेसासऱ्यांकडे राहिलो आहोत, ललित उद्या न्यायला येतोय. त्याला सगळं सांगायचं आहे. सासूबाई शेजारी बसून हे पत्र लिहिताना बघत आहेत. वाचता येत असूनही वाचत नाहीत. आता त्या दिवा मालव म्हणत आहेत, आणि खरं सांगू, मला खूप झोप आली आहे.

सुलू